मला नका तोलू, सायकलचं बोला!

पहिली चांगली रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची हलकी सायकल, घ्यायला जाणाऱ्या जाड माणसाचा प्रश्न एकच असतो. ही माझं वजन पेलेल का, आणि किती किलोपर्यंत? याचं उत्तर एका आकड्यात देता येतं. पण मिळतो तो सल्ला! विक्रेता आपल्याला एकदा वरून खालपर्यंत बघतो, पोटाशी नजर थांबवतो आणि म्हणतो, "सर, आधी थोडं वजन उतरवा. तोवर एखादी साधी सायकल घ्या, मग बघू." मी वजन उतरवायला सायकल घेतोय की चालवायला आवडते म्हणून, याची चौकशी तुम्हाला सांगितली कोणी?

आणि ही "साधी सायकल"च तर घात करते. वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर येतो. चाक फिरताना जमिनीकडे आलेल्या स्पोकचा, म्हणजे चाकातल्या तारेचा, ताण कमी होतो, वर गेला की पुन्हा वाढतो, आणि हे प्रत्येक फेऱ्याला. स्पोक मुळातच सैल किंवा कमीजास्त कसलेले असतील, तर या सैल-ताठ होण्यातच ते थकतात आणि हबपाशी, म्हणजे चाकाच्या मध्याशी, जिथे वाकवलेले असतात, नेमके तिथे तुटतात. मागून टण्णकन आवाज येतो, चाक आउट होतं, म्हणजे डुलत फिरतं, रिम ब्रेकच्या रबराला घासायला लागते आणि भर रस्त्यात सायकल हातात धरून चालावं लागतं. दुकानात नेली की पुन्हा तेच : "तुमच्या वजनामुळे झालं." नाही! चाक नीट कसलेलं नव्हतं म्हणून झालं. ५५ किलोच्या पोराला कसंही बांधलेलं चाक चालून जातं. चांगल्या चाकाची खरी गरज जड माणसालाच असते, आणि त्यालाच तुम्ही सांगता की चांगली सायकल नंतर घ्या?

वजनाची मर्यादा तरी समोर लिहा. फ्रेम किती ग्रॅमची आहे हे ठळक अक्षरात छापायचं आणि ती किती किलो पेलते हे पुस्तिकेच्या कुठल्यातरी आतल्या पानावर बारीक अक्षरात. शिवाय तो आकडा बरेचदा एकूण वजनाचा असतो. १२० किलो लिहिलं असेल तर त्यातून १० किलोची सायकल, पाण्याच्या बाटल्या, बॅग, अंगावरचे कपडे सगळं वजा करायचं. माणसाला उरतात १०६-१०७. हे कोण सांगतं? कोणीच नाही. उलट "कार्बनची फ्रेम तुमच्याखाली तुटेल" हे मात्र जो तो छातीठोकपणे सांगतो. त्याच कंपनीच्या अॅल्युमिनियमच्या फ्रेमलाही अनेकदा तीच मर्यादा दिलेली असते, पण पुस्तिका उघडून बघायचे कष्ट घेणार कोण?

टायरचंही तेच. २५ मिमीचे टायर बसवून द्यायचे आणि "तुम्ही दगडासारखी हवा भरत जा" म्हणायचं. अहो, फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ मिमीचा टायर बसवा. कमी हवेत चालतो, खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर व्हायची भीती कमी, हाडंही खिळखिळी होत नाहीत. गिअर मागितले तर चेहऱ्यावर कीव. पुढे ३४ दातांची चक्री आणि मागेही ३४ दातांची मोठी, एवढंच मागतोय मी, चढावर गुडघे वाचावेत म्हणून. यात लाज कसली? ११०-१२० किलो चढवून दाखवा आधी, मग बोला. आणि ती रुंद, जेलची गुबगुबीत सीट गळ्यात मारणं बंद करा. सीटची रुंदी बसायच्या हाडांमधल्या अंतरावरून ठरते, चरबीवरून नाही. ते अंतर मोजता येतं. मोजा!

कपड्यांबद्दल तर बोलायलाच नको. "तुमच्या मापात येत नाही" हे वाक्य ऐकून कान किटले.

मला मागच्या चाकाला ३२ स्पोक हवेत, हाताने एकसारखे कसलेले, आणि थोडी चालवून झाल्यावर पुन्हा तपासून दिलेले. ३२ मिमीचे टायर हवेत. वजनाच्या मर्यादेचा आकडा लेखी हवा. पैसे मी पूर्ण मोजणार आहे. जमत नसेल तर तेवढंच सांगा, मी दुसरं दुकान बघतो. माझ्या जेवणाखाण्याबद्दल एक शब्द काढू नका.