ऐंशी-वीस

मंडळाच्या गणपतीच्या स्वयंपाकाची यादी परवा रात्री ग्रुपवर आली. बारा वर्षं माझ्या नावापुढे ‘उकडीचे मोदक, ५१’ असायचं. यंदा आहे ‘कागदी प्लेट’. पुढे हात जोडल्याची खूण.

याला कारण दोन पौंड खिमा.

शेजारच्या आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गल्लीतल्या सगळ्यांनी दिवस वाटून जेवण पोचवायचं ठरलं, माझ्याकडे बुधवार आला. आजोबांना विचारलं काय आवडेल, तर लाजत म्हणाले, आई करायची तसा टमाले पाय. खाली बीफचा मसालेदार खिमा, वर मक्याचा पाव, सगळं ओव्हनमध्ये. नाही कसं म्हणणार? २०२१ च्या फेब्रुवारीत बर्फ पडून इथे टेक्सासात वीज गेली, तेव्हा आम्ही चौघं तीन रात्री याच आजी-आजोबांच्या शेकोटीसमोर गोधड्या टाकून झोपलो होतो. मंडळ तेव्हा ग्रुपवर ‘काळजी घ्या’ म्हणत होतं.

तर मी दुकानात पाकीट हातात घेऊन उभी, आणि मागून मराठीत: “अरे वा! खरेदी?”

कोपऱ्यावरच्या घरातले काका. लेकीकडे सहा महिने नातवाला सांभाळायला पुण्याहून आलेत. नातू डेकेअरला जातो, म्हणून काका दुकान सांभाळतात. रोज अकरा ते एक एसीत फिरतात आणि लेबलं वाचतात. विकत काही घेत नाहीत.

“बघू काय घेतलंस?” घेतलंच हातातून. चष्मा कपाळावरून नाकावर. “ग्राउंड... बी...” इथे आवाज गाभाऱ्यात शिरल्यासारखा खाली गेला. आकडे दिसल्यावर परत चढला. “ऐंशी-वीस. म्हणजे?”

“ऐंशी टक्के मांस, वीस टक्के चरबी.”

“चरबी कुणाची?”

“त्याचीच, काका.”

“म्हणजे शंभर टक्केच की!” काका बँकेत ऑडिटला होते. “मग ऐंशी-वीस कशाला लिहितात? दिशाभूल आहे ही.”

“काका, हे आमच्यासाठी नाही. शेजाऱ्यांसाठी आहे.”

“अगं, मी काही विचारलं का? आमच्या शाखेत एक जण होते, तेही शेजाऱ्यांसाठीच न्यायचे. रम. तीस वर्षं.”

“अहो, खरंच शेजाऱ्यांसाठी.”

“तसंच सांगायचं. कुणी विचारलं तर अगदी असंच सांगायचं. मी बोलणार नाही कुणाला.” हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा एवढ्या मोठ्याने, की पलीकडे मासे कापणारा माणूस सुरी धरून बघत राहिला. मग काकांनी पाकीट माझ्या गाडीत पालथं ठेवलं, लेबल खाली, आणि माझीच कोथिंबिरीची जुडी उचलून त्यावर पसरली. “झाकलेलं बरं.”

घरी आल्यावर लक्षात आलं, की चाखणार कोण? आम्ही रविवारी कोंबडी नाहीतर मासे खातो, पुढे गेलेलो नाही. न चाखता स्वयंपाक मी आयुष्यात एकाच कारणासाठी करत आले आहे, नैवेद्यासाठी. तसाच केला. मीठ हाताच्या अंदाजाने, तिखट वासाने, बाकी देवावर. खिम्याच्या पोटात थर्मामीटर खुपसून १६० फॅरनहाइट झालेलं तेवढं बघितलं. तेवढं झालं की बीफचा खिमा खायला धोका नाही. मिठासाठी असलं काही यंत्र मिळत नाही.

पाककृतीत ‘मेक्सिकन’ लिहिलं होतं. मेक्सिकन कसलं! टमाले करणाऱ्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, वाटतात, कणसाच्या पानात गुंडाळून वाफवतात. आपल्या पातोळ्यांसारखं निगुतीचं काम आहे ते. हे म्हणजे अमेरिकेने त्याला शोधलेली पळवाट, वर पिवळं चेडर किसून. चिली पावडरसुद्धा इथलीच. १८९० च्या दशकात न्यू ब्राउनफेल्समध्ये गेबहार्ट नावाच्या जर्मनाने ती विकायला काढली. बाटली उघडली तर जिरं, लसूण, ओरेगानो, मिरची. माझं घर रविवारच्या खिम्यासारखं घमघमायला लागलं, आणि लेक खोलीतून ओरडली, “पाव आणलेत का?”

वरच्या पावाची आजोबांनी ताकीदच दिली होती: साखर नको. कॉर्नब्रेडमध्ये साखर घालावी की नाही यावरून इकडे दक्षिणेत आमटीतल्या गुळाइतकं कडाक्याचं भांडण आहे. मक्याचं रवाळ पीठ, ताक, अंडं, सोडा. पीठ खिम्यावर ओतलं आणि बिडाचं जड पॅन ४०० अंशांवर आत सरकवलं.

आजोबांनी दारातच उभ्याने चमचाभर खाल्लं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “आईच्या हातूनही मीठ जरा जास्तच पडायचं.”

तोपर्यंत फोन सुरू झाले होते. सरळ कुणीच विचारलं नाही. एकीने विचारलं, “अशक्तपणा आलाय का गं? हिमोग्लोबिन तपासलंस?” दुसरी म्हणाली, “आम्ही जज नाही हं करत.” या दुसरीचा नवरा ऑफिसच्या दौऱ्यावर स्टेक मागवतो, मीडियम रेअर, माझ्या नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून. बिल कंपनी भरते म्हणून ते बाटत नाही बहुतेक. तिसरीची मुलं शाळेतून येताना बर्गरच्या खिडकीसमोरच्या रांगेत असतात आणि पिशवी कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकून घरी जातात. मी बघितलंय. मी बोलले नाही कुणाला! आजींचा गुडघा कसा आहे, हे एकीनेही विचारलं नाही. त्या आता काठीशिवाय फाटकापर्यंत येतात, कुणाला हवं असेल तर सांगून ठेवते. माझ्या एकावन्न मोदकांच्या कळ्या पाडताना यांतली एक तरी कधी मदतीला आली होती का?

जाऊ दे. आज प्लेट आणायला त्याच दुकानात गेले. सव्वाअकरा वाजले होते. दीडशेचा गठ्ठा खाली काढते तोच तो मागून कुणीतरी धरला.

“बघू. उसाच्या चोथ्याच्या. शंभर टक्के.” काकांनी गठ्ठा उलटा करून तळही वाचला. “हे चांगलंय. ऐंशी-वीस नाही यांचं.” मग माझ्याकडे बघून हळहळले. “यंदा तुझे मोदक नाहीत म्हणे. सगळे किती नाव घेतात गं, म्हटलं एकदा खायला मिळतील. का, काय झालं?”