रक्तदानाच्या फॉर्मवरची ती ओळ

लंडनमध्ये रक्त दिलं की काही दिवसांनी फोनवर मेसेज येतो: तुमचं रक्त अमुक रुग्णालयात पोहोचलं. मला तो पहिल्यांदा आला 2021 च्या उन्हाळ्यात. बसमध्ये होतो, उतरायचा स्टॉप मागे गेला तरी मेसेज वाचत बसलो होतो.

त्याच्या दोन वर्षं आधी पुण्यात वडिलांची बायपास झाली. रक्तपेढीने बदली रक्तदाते आणायला सांगितलं. वडिलांचा गट ओ पॉझिटिव्ह, माझाही तोच. झेरॉक्स काढून काढून पुसट झालेला फॉर्म हातात आला. आजारांची यादी संपल्यावर खाली एक ओळ होती: पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, वेश्याव्यवसायातील स्त्रिया, सुईने नशा करणारे. यांनी रक्त द्यायचं नाही. तेव्हा माझ्या जोडीदाराबरोबर राहून मला आठ वर्षं झाली होती, दोघांच्याही एचआयव्ही तपासण्या निगेटिव्ह होत्या. भावोजी शेजारीच उभे होते. मला मध्यंतरी मलेरिया झाला होता असं त्यांना सांगून मी रांगेतून बाहेर पडलो. त्यांनीच रक्त दिलं. आजारी बापासाठी मुलाला रक्त देता आलं नाही, हे अजून सलतं.

ही ओळ 2017 च्या रक्तदाता निवडीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधून आली आहे. तिच्याविरुद्ध मणिपूरच्या पारलिंगी कार्यकर्त्या थांगजम सांता सिंग 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. केंद्र सरकारने 2023 मध्ये प्रतिज्ञापत्र देऊन बंदीची बाजू घेतली. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर तेव्हा जोरात वाद झाला. दरवर्षी गणपतीत शिबिर भरवणारा माझा मित्र म्हणाला, ‘रक्त देणाऱ्याच्या मानापेक्षा रक्त घेणाऱ्याचा जीव मोठा.’ त्याचं हे वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. 2011 मध्ये गुजरातच्या जुनागढला थॅलेसेमियाच्या मुलांना चढवलेल्या रक्तातून एचआयव्ही झाल्याचं उघडकीला आलं होतं. ज्यांच्या लेकरांना दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त चढवावं लागतं, त्यांची भीती खरी आहे.

आकडेही लपवायचे नाहीत. 2017 च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 0.22 टक्के होतं, समलिंगी पुरुषांत 2.69 आणि तृतीयपंथीयांत 3.14. म्हणजे दहा-पंधरा पट. या आजाराने आमच्यातली किती माणसं नेली, ते आम्हाला कुणी सांगायला नको. पण याच आकड्यांप्रमाणे शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना लागण नाही. त्यांनाही कायमचं बाद केलंय, आणि तेही कसे जगतात हे न विचारता. एखादी तृतीयपंथी बाई दहा वर्षं एकटी राहत असली तरी बाद. समलिंगी जोडपं एकमेकांशी एकनिष्ठ असलं तरी बाद. अनेकांशी संबंध असणाऱ्यालाही नियमाने मनाई आहेच, पण लग्न झालेला, मिशीवाला गृहस्थ समोर आला की शिबिरात त्याला तो प्रश्न कोण विचारतं?

ब्रिटनला तर घाबरायचं कारण आपल्यापेक्षा मोठं होतं. 1970 आणि 80 च्या दशकांत इथे दूषित रक्त आणि रक्तघटकांतून तीस हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सीची लागण झाली. या प्रकरणाच्या चौकशीचा अहवाल 2024 मध्ये आला तेव्हा सरकारला संसदेत माफी मागावी लागली. समलिंगी पुरुषांवर इथेही आजन्म बंदी होती. 2011 मध्ये ती एक वर्षावर आली, 2017 मध्ये तीन महिन्यांवर. 14 जून 2021 पासून मात्र प्रश्नच बदलला. बाई असो की पुरुष, सगळ्यांना सारखंच विचारतात: गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार आला का? एकापेक्षा जास्त होते का? संबंध कोणत्या प्रकारचे होते? उत्तरात धोका दिसला तर तीन महिने थांबायचं. एचआयव्ही टाळायची गोळी, प्रेप, घेणाऱ्यालाही थांबवतात, कारण तिच्यामुळे तपासणीत लागण उशिरा दिसू शकते. माझ्या ओळखीचे दोघे-तिघे या नियमांनी परत गेलेत. त्यांना त्यात अपमान वाटला नाही, कारण त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरची बाईही त्याच कारणाने परत जात होती.

इथे रक्ताच्या प्रत्येक पिशवीची नॅट चाचणी होते. ती विषाणूच शोधते, त्यामुळे लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतचा काळ थोड्या दिवसांवर येतो. आपल्याकडे ही चाचणी सक्तीची नाही, बऱ्याच रक्तपेढ्यांत होत नाही. मित्राला मी म्हटलं, रुग्णाच्या जिवाची काळजी असेल तर नॅटसाठी भांड, मीही तुझ्याबरोबर भांडतो. भावोजींचं रक्त कोणत्या चाचणीतून गेलं, हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. रक्त देणारा जावई आहे एवढ्यावरच सगळे निश्चिंत होते.

मित्राने अजून होय म्हटलेलं नाही. पण परवा फोन करून नॅटला पिशवीमागे किती खर्च येतो ते विचारत होता.

यंदा गणपतीत मी घरी असेन. शिबिर तिसऱ्या दिवशी आहे. फॉर्म तोच आहे आणि त्यावर खोटी सही मी करणार नाही. केळी आणि पार्ले-जीच्या टेबलावर मला बसव, असं त्याला सांगून ठेवलंय.