फादरचा पगार कोण देतो?

म्युनिकला आलो त्या पहिल्याच आठवड्यात पत्ता नोंदवायला सरकारी कचेरीत गेलो होतो. फॉर्मवर धर्माचा रकाना होता. मी वसईचा, बाप्तिस्मा झालेला, लिहून टाकलं रोमन कॅथलिक. महिनाअखेरीला पगाराची स्लिप हातात आली तर आयकराखाली अजून एक कपात. ऑफिसातल्या जर्मन मित्राला दाखवली, तर तो हसायलाच लागला. ‘तू आपणहून सांगितलंस?’

तो चर्चचा कर होता. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या 8 टक्के, बाकी जर्मनीत 9 टक्के. उत्पन्नाच्या नाही, आयकराच्या. म्हणजे 600 युरो आयकर कापला तर वर 48 युरो चर्चला. वसुली सरकारी यंत्रणेतून, ऑफिस पगारातूनच कापून घेतं.

रात्री आईला फोनवर हे सांगितलं. आमच्याकडे वसईत रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, दानाची पिशवी फिरते, तेव्हा आई नोट घडी घालून मुठीतच सोडते, शेजारणीला आकडा दिसू नये म्हणून. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘मग तू किती दिलेस ते फादरला कळतं का रे?’

नाही कळत. गेली काही वर्षं मी याच प्रश्नाभोवती फिरतोय.

इथल्या फादरला धर्मप्रांताकडून, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या कारभाराकडून पगार मिळतो, साधारण सरकारी नोकरासारखा, श्रेणी-बढती-पेन्शनसकट. चर्च भरलं काय, ओस पडलं काय, त्याच्या खात्यात तेवढेच पैसे. 2022 साली जर्मनीत 5 लाख 22 हजारांवर कॅथलिकांनी रीतसर अर्ज करून चर्च सोडलं, म्हणजे त्यांचा करही थांबला. तरी पुढच्या वर्षी कॅथलिक चर्चला करातून सुमारे 6.5 अब्ज युरो मिळाले. सोडणं सोपं नाही बरं का. 2012 मध्ये इथल्या बिशपांनी स्पष्टच केलं की अर्ज करून बाहेर पडलात तर कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद नाही, बाप्तिस्म्याला कोणाचा धर्मपिता होणं नाही. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘हे तर केबलवाल्यासारखं झालं.’

माझा इथला फादर भला माणूस आहे. पण त्याच्याकडे चार-पाच चर्चं एकत्र जोडून दिलेली, आणि दोन वर्षांत त्याला माझं नाव पाठ झालेलं नाही. मी आलो नाही तर त्याचं काही अडत नाही. अठराव्या शतकात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमला हेच हवं होतं. धर्मगुरूला सरकारने ठरावीक पगार देऊन थोडं सुस्त करावं, म्हणजे गिऱ्हाईक वाढवण्यासाठी तो लोकांची डोकी भडकवणार नाही. अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथने 1776 मध्ये या मताला उत्तर दिलं. भाविकांच्या देणगीवर जगणारा उपदेशकच मेहनत घेतो, आणि असे शेकडो छोटे पंथ एकमेकांशी स्पर्धा करत राहिले तर कोणीच डोईजड होत नाही, असा त्याचा मुद्दा.

कागदावर स्मिथ मला जास्त पटायचा. मग अमेरिकेतल्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या पाळकांच्या (त्यांचे धर्मगुरू) मानधनाचा एक अभ्यास वाचनात आला. दोन हजारांवर पाळक, 43 वर्षांची आकडेवारी. सभासद वाढल्याने जी जादा मिळकत होते, तिच्यातला सुमारे 3 टक्के वाटा पाळकाच्या मानधनात उतरतो. इथपर्यंत ठीक. पण सगळ्यात जास्त मोबदला कशाचा मिळतो, तर आपल्याच पंथाच्या दुसऱ्या चर्चमधून माणसं आपल्याकडे आणण्याचा! म्हणजे एकूण भाविक तेवढेच, फक्त या टोपलीतून त्या टोपलीत. कोचिंग क्लासवाले करतात तेच.

वसईत यातलं काहीच धड नाही, आणि थोडंथोडं सगळंच आहे. धर्मप्रांताच्या फादरला महिन्याचं मानधन बेताचंच मिळतं, राहणं-खाणं धर्मग्रामाकडून, म्हणजे त्या-त्या चर्चच्या स्थानिक समाजाकडून. वर मिस्सेचं दान, म्हणजे आपल्या माणसासाठी मिस्सा करा म्हणून भाविक देतात ते पैसे. चर्चच्या कायद्याने यात एक छान पाचर मारून ठेवली आहे. फादरने एका दिवसात तीन मिस्सा केल्या तरी स्वतःसाठी एकाच मिस्सेचं दान ठेवायचं, अपवाद फक्त नाताळचा. जास्त मिस्सा म्हणून जास्त कमाई, हा हिशेबच बाद. दानाची रक्कमही त्या-त्या भागातले बिशप ठरवतात, फादर नाही. ज्याने कोणी हे लिहिलं त्याला माणूस कळला होता.

गळती आहे ती पाकिटात. लग्न, घराचा आशीर्वाद, अंत्यविधी. बंगलेवाल्याचं पाकीट जाड, भाजीवालीचं पातळ, आणि दोन्ही एकाच खिशात जातात. मग आशीर्वादाला कोणाकडे चहा घेऊन थांबायचं आणि कोणाकडून उभ्या उभ्या निघायचं हे आपोआप ठरत जातं. फादर वाईट असतो म्हणून नव्हे. आपणही तेच केलं असतं. पंढरपुरात विठोबापुढच्या दक्षिणेचा बडव्यांमध्ये लिलाव व्हायचा, ते हक्क संपायला 2014 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. आमचं प्रकरण तिथवर कधीच गेलं नाही, पण पैसा थेट हातात आला की हात कुठे वळतो ते सगळीकडे सारखंच.

माझं म्हणणं असं: मानधन चांगलं दुप्पट करा, म्हातारपणाची आणि औषधांची सोय नीट करा, आणि पाकीट थेट धर्मग्रामाच्या खात्यात जाऊ द्या. यात नवीन काही नाही. देणाऱ्याने मुद्दाम वेगळं सांगितलं नसेल तर धर्मग्रामाच्या कामासाठी आलेलं दान धर्मग्रामाच्या निधीत जमा करायचं, असा चर्चचा नियम आजही आहे. ‘अशाने फादर आळशी होतील’ असं कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच. होतील थोडे. माझं नाव विसरणारा फादर मला चालेल, पाकिटाची जाडी लक्षात ठेवणारा नको.

मे महिन्यात घरी होतो. भावाच्या नव्या फ्लॅटला आशीर्वाद द्यायला तरुण फादर आले होते. खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडून झालं, सरबत झालं, मी पाकीट पुढे केलं आणि म्हटलं, ‘फादर, याची धर्मग्रामाच्या नावाने पावती मिळेल का?’ मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. आईने पदर तोंडाला लावला. फादर दोन सेकंद गप्प राहिले. मग म्हणाले, ‘थांब, खाली स्कूटरच्या डिकीत पुस्तक आहे,’ आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले.