टाकाऊ, टिकाऊ आणि मधला मी

आमच्या घरात कचरा होत नाही. होतो तो कच्चा माल. भंगारवाला पूर्वी दर रविवारी फाटकाशी थांबून "भंगाऽर, रद्दीऽऽ" असा गळा काढायचा. हल्ली मुकाट्याने पुढे जातो. एकदा तर त्याने हातगाडी थांबवून हिलाच विचारलं, "वहिनी, काही घेता का?" आणि हिने घासाघीस करून त्याच्याकडून दोन काचेच्या बरण्या आणि तेलाचा एक डबा घेतला. भंगारवाल्याला गिऱ्हाईक म्हणून लाभलेलं जळगावातलं हे पहिलंच कुटुंब असावं.

सगळ्याचं मूळ मोबाइलमध्ये आहे. दुपारची जेवणं आवरली की ही आडवी होते आणि टाकाऊपासून टिकाऊ करायचा व्हिडिओ सुरू होतो. त्यात फक्त दोन हात दिसतात. हातांना चटका बसत नाही, कात्री बोथट निघत नाही, मधेच कुकरची शिट्टी होत नाही. मुख्य म्हणजे त्या हातांना नवरा नसतो. असता तर सुतळीचं दुसरं टोक धरून तो कुठेतरी दिसलाच असता. 'अगदी सोप्पं, पाच मिनिटांत, घरातल्याच वस्तूंपासून' असं खाली लिहिलेलं असतं. ती पाच मिनिटं कुठल्या गावची, ते मला अजून कळलेलं नाही. आमच्याकडे निव्वळ कात्री शोधण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

'घरातल्याच वस्तू' आणायला आम्ही फुले मार्केटला जातो. सुतळीचा गुंडा, आरसे, मणी, लेस, ग्लू गन आणि तिच्यात घालायच्या मेणबत्तीसारख्या पांढऱ्या कांड्या. एवढं घेऊन फुकटात एक फुलदाणी तयार होते. तिला बाटली लागते आणि ती रिकामी लागते. मग आधी सरबताची भरलेली बाटली विकत आणायची, सरबत पातेल्यात ओतायचं आणि बाटली मोकळी करायची. सरबत नंतर दोन दिवस सगळ्यांनी पाण्याऐवजी पीत राहायचं. एरवी साखर वाढली म्हणून माझ्या चहातून अर्धा चमचा काढून घेणारी ही बाई, फुलदाणीसाठी माझ्या हातात ग्लासावर ग्लास देते.

बाटलीला सुतळी गुंडाळणं हे मात्र बघण्यासारखं काम आहे. बुडापासून सुरुवात करायची, दोन बोटं जागेवर डिंक लावायचा, वेढ्याला वेढा खेटून बसवायचा, मधे काच दिसता कामा नये. सगळी बाटली एकदम डिंकाने माखली की वरचा डिंक सुकून जातो आणि खालचा हाताला लागतो. गळ्याशी आलं की सुतळी घसरते, कारण तिथे बाटली अरुंद होत जाते. तेव्हा "घट्ट धरा हो!" अशी आज्ञा होते. मी घट्ट धरतो. सुतळीची कुसळं पँटवर, चष्म्यावर आणि रात्री ताटातल्या भाकरीवर सापडतात.

घर सजलं तोवर मी गप्प होतो. पण मग या कलेने कपाटाकडे मोर्चा वळवला.

पुरुषाच्या टी-शर्टला तीन वयं असतात. पहिल्यात तो बाहेर घालायचा, दुसऱ्यात घरात घालायचा आणि तिसऱ्यात लादी पुसायचा. यातलं दुसरं वय सर्वांत सुखाचं. कापड मऊ पडलेलं असतं, गळा सैलावलेला असतो, कुणाला काही दाखवायचं नसतं. हिचा डोळा नेमका त्याच वयावर. टी-शर्टची पिशवी करायला सुई-दोराही लागत नाही म्हणे. बाह्या कापायच्या, गळा खोल कापायचा, म्हणजे खांद्याच्या पट्ट्यांचे बंद होतात. खालून चार बोटं उभ्या चिरा द्यायच्या आणि पुढची पट्टी मागच्या पट्टीला गाठ मारत जायचं. झाली पिशवी. मी आंघोळीला गेलो होतो तेवढ्यात झाली.

त्या पिशवीतून मी भरताची वांगी आणायला गेलो. टी-शर्टचं कापड विणीचं, ताण पडला की लांबणारं, हे त्या दोन हातांनी सांगितलं नव्हतं. वांगी आमच्याकडची, हिरवी, एकेक हातभर. दोन किलो पिशवीत पडली आणि पिशवी गुडघ्यापर्यंत आली. कांदे-मिरच्या टाकल्यावर ती रस्त्याला टेकली. पिशवीवर ऑफिसच्या क्रिकेट टीमचं नाव आणि मागच्या बाजूला ठळक अक्षरांत माझं आडनाव. भाजीवाली कौतुकाने म्हणाली, "साहेब, पिशवी नावाची करून घेतली का? चोरीला जात नाही मग." कोण नेणार, बाई?

त्यानंतर रंगकाम. नैसर्गिक रंग. पांढरे शर्ट कंटाळवाणे दिसतात, असं हिला एका सकाळी वाटलं. शर्टाला जागोजागी सुतळीने गाठी मारल्या, तुरटीच्या पाण्यात भिजवला आणि हळदीच्या उकळत्या पाण्यात बुडवला. खरं सांगायचं तर, निघाला तेव्हा शर्ट सुरेख दिसत होता. गाठी सोडल्या तिथे पांढरी चक्रं उमटली होती. मी तो घालून ऑफिसात गेलो, तर साहेबांनी हळदीला कुणाकडे गेला होतात म्हणून विचारलं. तेही चाललं असतं. पण शर्ट धुवायला पडला आणि साबण लागताच लालभडक झाला. ही किंचाळली. माय म्हणाली, त्यात काय, कुंकू असंच होतं, हळदीला चुना लागला की. साबणातही खारच. मग लिंबू पिळलं, तर शर्ट परत पिवळा. आमच्या मुलाला हा खेळ इतका आवडला की साबण, लिंबू, साबण, लिंबू असा त्याने विज्ञानाचा प्रकल्पच उरकून टाकला. उरलेला रंग जळगावच्या उन्हाने खाल्ला. हळद उन्हाला टिकत नाही. वाळत घातलेल्या शर्टाची जी बाजू सूर्याकडे होती ती फिकट मलईसारखी झाली आणि दुसरी पिवळीच राहिली. आता त्या शर्टात मी उजवीकडून एक आणि डावीकडून दुसराच माणूस दिसतो.

पक्का रंग कुठला, हे खरं तर आमच्याकडच्या कुणालाही विचारावं. केळीचा चीक! यावल-रावेरकडे केळीच्या बागेत काम करणाऱ्या माणसाचे कपडे बघा. चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो. तुम्ही बेसावध राहता. हवा लागली की तो तपकिरी होतो, मग काळपट, आणि तिथून पुढे कापड फाटेल पण डाग जाणार नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माझं मत विचाराल तर तिच्या डागालाही वेगळं मिळायला हवं होतं. हे मी जेवताना सहज बोललो. पुढच्या रविवारी ही चुलतभावाच्या बागेत, हातात माझी फिकट रंगाची पँट आणि ब्रश. चिकाची नक्षी काढली. वेलबुट्टी आहे म्हणते. बस स्टँडवर एका म्हाताऱ्याने सरकून जागा दिली आणि विचारलं, "कापनी कोन्या गावाले चालू शे, भाऊ?"

आमची माय अमळनेरकडची, तिची बोली अहिराणी. ती ओट्यावर बसून हे सगळं बघत असते. पहिल्यांदा कात्री चालली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चांगलं कापड कसाले कापी ऱ्हायनी वं?" ही म्हणाली, "आई, याला हस्तकला म्हणतात." माय गप्प झाली. तिच्या मांडीवर गोधडी होती. मायची गोधडी म्हणजे खाली-वर जुनी लुगडी, पोटात विरलेली धोतरं आणि फाटक्या साड्या. त्यावर कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मधोमध येणारा धावदोरा. टाका तांदळाएवढा. डोळ्याला मोतीबिंदू, तरी ओळ वाकडी नाही, कारण ती बघून घालतच नाही. अंगठा पुढे सरकतो आणि सुई त्याच्या मागून येते. त्या गोधडीत माझ्या आजोबांचं धोतर आहे, आत्याचं लुगडं आहे, मी शाळेत ज्या सदऱ्यात नापास झालो तो सदराही आहे. पण तिचा व्हिडिओ नाही. म्हणून हिच्या लेखी ते काम 'अंथरूण' आणि बाटली म्हणजे 'आर्ट'.

हे मी एकदा हिला सुनावलं. तिने शांतपणे मला फैजपूर ऐकवलं. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, आपल्याच जिल्ह्यात. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोसांनी तिथली सजावट बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्यासुध्या सामानातून केली होती. "एवढा मोठा चित्रकार गावच्या सामानातून नगर उभं करतो, आणि तुम्हाला एक पडदा बघवत नाही?" पडदा म्हणजे दोऱ्यांचा मॅक्रमे, नुसत्या गाठींचा. त्यात एक पाल राहते. यावर काय बोलणार? नंदलालबाबूंनी कुणाची पँट घेतली नव्हती, एवढंच मला सुचलं. तेही जिना उतरल्यावर.

सूड घेतला तो मे महिन्याने. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि आमची बैठकीची खोली पश्चिमेची, वर पत्रे, दाराला पत्रा. त्या दारावर आणि भिंतीवर हिने ग्लू गनने काय काय चिकटवलेलं. आइस्क्रीमच्या काड्यांचं घरटं, आरशांचा सूर्य, शिंपल्यांची चौकट, बाटलीच्या बुचांचा मोर. आता ग्लू गनचा डिंक मुळात तापवून पातळ केलेला आणि गार होऊन घट्ट झालेला. त्याला पुन्हा तापवलं तर तो काय करणार? दुपारी साडेतीनला पहिला आरसा पडला. मग शिंपले. मग मोराचा पिसारा, एकेक बूच, टप, टप, टप. माय ओट्यावरून ओरडली, "बठ्ठं पडी गयं वं!" तिच्या आवाजात दुःख शोधूनही सापडलं नाही. संध्याकाळी खोली झाडताना मला वाटलं, सुटलो. तर ही सुपलीतून बुचं निवडून डब्यात भरत होती.

मग श्रावण आला आणि आमची खानदेशातली देवी, कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. झाडून सारे भाऊबंद रोटांच्या प्रसादासाठी गोळा होतात. यंदा आमच्याकडे होती. चौरंगाला केळीचे खांब आणि माथ्यावर नारळाची कानबाई. या सजावटीत व्हिडिओ चालत नाही, इथे माय सांगेल तसंच होतं. नारळाला नथ कुठल्या कोनात, मळवट किती रुंद, साडीच्या निऱ्या कशा, सगळं ठरलेलं. पण मायने स्वतःहून हिला हाक मारली आणि मागच्या पडद्याची जागा दाखवली. त्या जागी हिने मायच्या जुन्या जरीच्या काठांचं तोरण लावलं. दिव्याच्या उजेडात काठ असे काही चमकले, की मीही क्षणभर पँट विसरलो.

पण ते तोरण जावांनी पाहिलं, नणंदांनी पाहिलं. आरतीनंतर बायकांचं एक कोंडाळं जमलं, मोबाइल निघाले, "सोप्पं आहे गं, पाच मिनिटांत होतं" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पुरुष मंडळी बाहेर बाजेवर निवांत तंबाखू मळत होती. मी त्यांना सावध करायला गेलो, पण रोट पोटात गेलेल्या माणसाला धोक्याचं काही ऐकू येत नाही.

आठवड्याभरात धुळ्याहून चुलतभावाचा फोन. आवाज एकदम दबका. "भाऊ, तुझी वहिनी आज माझ्या लग्नातल्या सुटावर टेप लावून माप घेत होती."

"तुझं?"

"नाही ना. उशीचं."

मी म्हटलं, "सूट अंगात घाल आणि बसून राहा."

"अरे, इकडे काय उकडतंय!"

"बस म्हटलं ना."