दंड, बंद कपाट आणि खचलेला वाचक

ऑक्टोबरात वाचन प्रेरणा दिन जवळ आला की 'वाचा, मन प्रसन्न राहील' छापाच्या पोस्टींचा रतीब सुरू होतो. त्यात खोटं काही नाही. पण पुस्तक आणि खचलेला माणूस यांच्या मधे वाचनालयाचा काउंटर असतो, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, ग्रंथालयांना अ ते ड असे वर्ग मिळाले, अनुदान आलं. एवढी परंपरा असूनही ज्याला पुस्तकाची आणि चार माणसांची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमका तोच सभासद आपल्या नियमांमुळे गळतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी दंडाचं बघू. मन खचलं की एकाग्रता जाते, उठून घराबाहेर पडायची उमेद जाते. पंधरा दिवसांच्या मुदतीचं पुस्तक महिनाभर उशाशी पडून राहतं. दिवसाला एक रुपया धरला तरी दंड पंधरा रुपयेच होतो. रक्कम किरकोळ, पण काउंटरवर चारचौघांत 'इतके दिवस काय करत होतात?' हे ऐकायची धास्ती मोठी. माणूस यायचाच बंद होतो. पुस्तक गेलं, वर्गणी गेली, आणि त्याचं आठवड्यातून एकदा घराबाहेर पडायचं निमित्तही गेलं. मुदतीच्या दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवा. दुसऱ्या कुणाची मागणी नसेल तर फोनवर मुदत वाढवून द्या. दंडाला कमाल मर्यादा ठेवा आणि वर्षातून एक आठवडा सरसकट माफी जाहीर करा. 'मग पुस्तकं परतच येणार नाहीत' ही कार्यकारिणीची ठरलेली शंका. अहो, मग अनामत कशासाठी घेता?

दुसरा अडथळा बंद कपाटाचा. बऱ्याच ठिकाणी अजून यादीत बघून चिठ्ठी द्यायची आणि कर्मचाऱ्याने आतून पुस्तक आणायचं, हीच पद्धत आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हे पहिलं सूत्र मांडलं आणि मुक्तद्वाराचा, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडण्याचा, आग्रह धरला, त्याला नव्वद वर्षं उलटून गेली! नैराश्य, व्यसन, घटस्फोट, मुलाचा मृत्यू अशा विषयावरचं पुस्तक हवं असलेल्या माणसाला ते नाव मोठ्याने सांगावं लागतं, आणि मागे रांगेत त्याच्याच सोसायटीतले काका उभे असतात. तो पुस्तक न मागताच परत जातो. सगळं ग्रंथालय मुक्तद्वार करणं जमत नसेल तर निदान एक मांडणी उघडी ठेवा. 'मानसिक आरोग्य' अशी ठळक पाटी लावू नका, पाटी बघून माणसं वळसा घालून जातात. वृत्तपत्रांच्या टेबलापासून हाताच्या अंतरावर असली की पेपर चाळता चाळता पुस्तक हातात येतं.

याच संदर्भात पुस्तकाच्या मागच्या खिशातलं कार्ड जरूर बघा. त्यावर पुस्तक नेणाऱ्यांची नावं ओळीने लिहिलेली असतात, कधी कधी पूर्ण नाव, आडनावासकट. छोट्या गावात त्या कार्डाएवढी चहाडी कुणी करत नाही. फक्त सभासद क्रमांक लिहा, आणि देवघेवीची वही काउंटरवर उघडी टाकू नका.

उघड्या मांडणीवर काय ठेवायचं? तीस-चाळीस पुस्तकं पुरे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांची रास. ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याच्या हातात 'पहाटे उठा, जग जिंका' दिलं की तो स्वतःलाच आणखी दोष देतो. दहाएक पुस्तकं मनोविकारतज्ज्ञांनी किंवा मानसशास्त्रज्ञांनी लिहिलेली असावीत. औषधांची माहिती असेल तर आवृत्तीचं साल तपासा, जुनी काढून टाका. बाकी कथासंग्रह, विनोद, प्रवासवर्णनं, ललित लेख, कविता. टाइप मोठा, कागद पिवळा न पडलेला. लक्ष टिकत नसेल त्याला चारशे पानी कादंबरी देऊ नये, तीन-चार पानांत संपणारा मजकूर द्यावा. या कामी मागच्या वर्षांचे दिवाळी अंक उत्तम. बहुतेक वाचनालयांत ते गठ्ठे बांधून माळ्यावर पडलेले असतात. इंग्लंडमध्ये २०१३ पासून तज्ज्ञांनी निवडलेल्या अशा पुस्तकांच्या याद्या सार्वजनिक ग्रंथालयांत आहेत. डॉक्टर सुचवू शकतात आणि चिठ्ठीशिवायही पुस्तक नेता येतं. मराठीत अशी यादी करायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही.

आता एकत्र वाचनाबद्दल. माणसं जोडायची तर व्याख्यानापेक्षा हे कितीतरी कामाचं. आठवड्यातून एकदा, वार आणि वेळ पक्की, एक तास. सहा ते दहा माणसं. बाराच्या वर गेली तर दोन गट करा, नाहीतर मागच्या खुर्च्या नुसत्या श्रोत्यांच्या होतात. गृहिणींना दुपारी तीन-चार सोयीचं, ज्येष्ठांना संध्याकाळी पाच. अभ्यासिकेच्या शेजारची खोली घेऊ नका, स्पर्धा परीक्षेची मुलं पहिल्याच आठवड्यात तक्रार करतील आणि ती रास्त असेल. खुर्च्या गोलात. कुरकुरणारा पंखा बंद, कारण दोन-तीन जणांना कमी ऐकू येत असतं आणि ते तसं सांगत नाहीत.

घरी वाचून यायची अट मुळीच नको. जागेवरच मोठ्याने वाचायचं. सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. साध्या आकाराच्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द धरले तर आठ-नऊ पानांची कथा वीस-पंचवीस मिनिटांत संपते. मधे दोनदा थांबायचं, उरलेला वेळ गप्पांना आणि चहाला. ज्याला वाचायचंय तो एक पान वाचेल, नको त्याने नुसतं ऐकावं, आग्रह नको. सूत्रधाराने 'यातून काय बोध घ्याल?' हे विचारायचं नाही. निवृत्त शिक्षक सूत्रधार असेल तर हे त्याला आधीच बजावून ठेवा. 'ही बाई दार का उघडत नसेल?' असं कथेतलं विचारावं. कथेतल्या बाईबद्दल बोलता बोलता माणसं स्वतःबद्दल जितकं बोलायचं तितकंच बोलतात. 'तुमचं दुःख सांगा' म्हटलं की पुढच्या आठवड्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

एकच माणूस तासभर बोलत राहिला तर त्याला पुढचं पान वाचायला द्या. सलग दोन आठवडे कुणी आलं नाही तर फोन करा, 'का आला नाहीत' न विचारता 'मागच्या वेळची कथा ठेवून देऊ का' असं विचारा.

गुडघे धरलेल्यांसाठी पहिल्या मजल्यावरचं वाचनालय म्हणजे बंद वाचनालय. तळमजल्यावर टेबल टाकता येत नसेल तर महिन्यातून दोनदा चार पुस्तकं घरपोच द्या, आणि नेणाऱ्याने दारातून परत न फिरता पाच मिनिटं बसावं.

वाचन हा उपचार नव्हे, हे मात्र गटातल्या प्रत्येकाला माहीत असावं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, कशातच रस नाही, किंवा जगणं नको वाटतंय, असं कुणी बोललं तर पुस्तक सुचवत बसू नका, डॉक्टरांकडे जायला सोबत करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तो पुस्तकखुणेवर छापून प्रत्येक पुस्तकात ठेवा. सूचनाफलकावर लावला तर तो उतरवून घेताना माणूस चारचौघांत दिसतो.