पाणी नॉर्मल, पण गाळाचं काय?

वालधुनी नदीवरच्या (उल्हासनगर-कल्याणमधून वाहते ती) लेखात तिच्या पाण्यातले धातू मोजले पाहिजेत असं म्हटलंय ते बरोबर आहे, पण नुसतं पाणी मोजून काय होणार हो? शिसं, कॅडमियम, क्रोमियम हे बरेचसे पाण्यात फार वेळ राहत नाहीत, मातीच्या बारीक कणांना चिकटतात आणि तळाला जाऊन बसतात, म्हणजे बाटलीत घेतलेलं पाणी नॉर्मल आणि खाली गाळात मोठा साठा. मग पहिला पूर आला किंवा कोणी जेसीबी घालून गाळ उपसला की परत वर. आमच्या सोसायटीतले एक काका म्हणतात उकळून प्यायचं, काही होत नाही. अहो काका, उकळून जंतू मरतात, शिसं नाही मरत, उलट पाणी आटतं नि तेच शिसं जास्त घट्ट होतं! पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची तर 0.003, डोळ्याला किंवा चवीला काय कळणार. जपानात जिन्झू नदीचं कॅडमियम भातशेतीतून लोकांच्या हाडांत गेलं, सरकारने ते मान्य करायला 1968 उजाडलं. आपल्याकडे नदीकाठची पालेभाजी कोण तपासतं?