तक्रार क्रमांक जपून ठेवा

ऑनलाइन जाहिरातीचं बिल आलं की एक पथ्य पाळा: रक्कम वाचू नका. रक्कम वाचली की माणूस हिशेब करतो, हिशेब केला की प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडले की 'मदत केंद्र' नावाच्या पानावर जावं लागतं. तिथे गेलेला कोणी मदत घेऊन परतल्याचं फारसं ऐकिवात नाही. 'हा लेख उपयोगी वाटला का?' याचं उत्तर देऊन परतलेले मात्र पुष्कळ आहेत.

वाचलीच असेल रक्कम, तर निदान आपण ठरवलेल्या रोजच्या मर्यादेशी ताडून बघू नका. दिवसाला शंभर म्हणजे दिवसाला शंभर, असं तुम्ही समजलात. साधी माणसं असंच समजतात. जाहिरातीवर कोणी क्लिक केलं की त्याचे पैसे तुमच्याकडून घेतले जातात, आणि गूगलच्या जाहिरात खात्यात रोजचं बजेट ही 'सरासरी' असते. एखाद्या दिवशी त्याच्या दुप्पट खर्च होऊ शकतो. हिशेब महिन्याअखेर जुळवायचा, आणि तो महिना असतो ३०.४ दिवसांचा. असा महिना तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सापडणार नाही, पण कॅलेंडर तुमचं आहे, बिल त्यांचं आहे.

आणि 'फसवणूक' हा शब्द इतक्यात तोंडात आणू नका. आधी सेटिंग तपासा. सेटिंग तपासण्याचा मोठा फायदा असा की चूक हमखास तुमचीच निघते. समजा, तुम्ही नळदुरुस्ती करता आणि आठ किलोमीटरच्या पलीकडे जात नाही. जाहिरात तेवढ्याच भागात दिसावी म्हणून नकाशावर छान वर्तुळ काढलंत. पण त्या वर्तुळाखाली, दुमडून ठेवलेल्या एका ओळीत, आधीपासूनच निवडून ठेवलेला पर्याय असतो: या भागात असणारे 'किंवा या भागात रस दाखवणारे'. म्हणजे दुसऱ्या खंडातल्या एखाद्याने तुमच्या गावाबद्दल काही शोधलं, की त्याच्या घरचा गळका नळही तुमच्या खात्यावर. शेजारीच आणखी एक खूण आधीच केलेली असते: जाहिरात भागीदारांच्या संकेतस्थळांवरही दाखवा. हे भागीदार त्यांचे, तुमचे नव्हेत. तुम्ही त्यांचं फक्त देणं लागता. शब्दांचंही तसंच. तुम्ही 'नळदुरुस्ती' या शब्दावर जाहिरात लावता. सैल जुळणीत, म्हणजे मिळताजुळता शोधही चालेल अशा पर्यायात, ती 'नळ घरच्या घरी कसा दुरुस्त करावा' असं विचारणाऱ्यालाही दाखवता येते. तो क्लिक करतो, तुमच्या पानावरचा फोटो बघून पाना कसा धरायचा ते शिकतो आणि निघून जातो. ज्ञानदानाचा खर्च तुमच्या कार्डावर. यातलं काहीही बेकायदा नाही. खूण तुम्ही काढून टाकली नाहीत, म्हणजे तुम्ही ती केलीत, असा इथला न्याय आहे.

आता समजा सेटिंग सगळी ठीक निघाली. तरीही रात्री तीन वाजता दोनशे क्लिक आले आणि फोन एकही आला नाही. इथे पुष्कळांना राग येतो. मी म्हणतो, राग कशाला? हा ग्राहक समजून तर घ्या! २०१६ साली 'मेथबॉट' नावाचं एक प्रकरण उघडकीला आलं. अलेक्सांद्र झुकॉव्ह या रशियन गृहस्थाने डॅलस आणि इतर ठिकाणच्या डेटा सेंटरमधले १,९०० हून अधिक सर्व्हर भाड्याने घेतले होते. त्यावरचे प्रोग्रॅम माणसासारखे वागायचे: माउस हलवायचे, पान खालीवर सरकवायचे, व्हिडिओ सुरू करून मध्येच थांबवायचे. हजारो बनावट संकेतस्थळं उभारून त्यावरच्या खऱ्या जाहिराती हे बनावट प्रेक्षक बघत होते, आणि जाहिरातदारांचे पैसे झुकॉव्हकडे जात होते. झुकॉव्ह स्वतःला 'फसवणुकीचा राजा' म्हणवून घ्यायचा. २०२१ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने या राजाला दहा वर्षं आत पाठवलं. पण विचार करा: घासाघीस करत नाही, उधार मागत नाही, दिलेला माल परत आणत नाही, आणि तुमची जाहिरात शांतपणे बघतो, असा ग्राहक तुमच्या दारात कधी आला होता?

प्रत्येक चोर इतका थोर नसतो, हेही लक्षात घ्या. कधी समोरचा स्पर्धकच फावल्या वेळात तुमच्या जाहिरातीवर बोट आपटत असतो. कधी ज्याच्या पानावर तुमची जाहिरात लागली आहे तोच क्लिक करतो, कारण प्रत्येक क्लिकमागे त्याला वाटा मिळतो. आणि कधी एखाद्या खेळाच्या ॲपमध्ये खिडकी बंद करायची फुली इतकी बारीक ठेवलेली असते की लहान मुलाचा अंगठा थेट तुमच्या जाहिरातीवर पडतो. ते मूल तुमचा संभाव्य ग्राहक आहे. नळ सगळ्यांच्याच घरी असतात.

तरी तक्रार करायचीच म्हणता? हौस दांडगी. मग आधी व्यवस्था समजून घ्या. ज्याने माल विकला, तराजू त्याचाच. वजन खरं की खोटं हे ठरवणाराही तोच. आणि तुम्ही वाद घालेपर्यंत पैसे तुमच्या कार्डातून काढून घेणाराही तोच. कंपनी सांगते, अवैध क्लिक आम्ही आपोआप गाळतो, बरेचसे बिलात धरतच नाही, नंतर सापडले तर रक्कम खात्यात जमा करतो. तशी ती करतेही. बिलाच्या तळाशी चिमूटभर आकड्याची ओळ कधीकधी दिसते. फक्त कोणता क्लिक का गाळला आणि कोणता का ठेवला, हे विचारायचं नाही. सांगितलं तर चोरांना कळेल. चोरांपासून गुपित राखायचं तर ते तुमच्यापासूनही राखावं लागतं, आणि यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. दुकानदार आणि चोर यांना एकाच रांगेत उभं करणारी समता अन्यत्र कुठे बघायला मिळते?

माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर प्राध्यापकांचा घ्या. २००५ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात 'लेन्स गिफ्ट्स अँड कलेक्टिबल्स' या भेटवस्तूंच्या दुकानाने गूगलविरुद्ध दावा लावला: खोट्या क्लिकचे पैसे आमच्याकडून घेतले. त्या दाव्याच्या निमित्ताने न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी कंपनीची गाळणी आतून तपासली आणि २००६ साली अहवाल दिला. कंपनीचे प्रयत्न वाजवी आहेत, असा निर्वाळा त्यांनी दिला. शिवाय एक पेचही लिहून ठेवला: अवैध क्लिक म्हणजे नेमकं काय याची व्याख्या जाहीर केली तर लबाड लोक तिचा फायदा घेतील, जाहीर केली नाही तर अमुक क्लिकचे पैसे का घेतले हे जाहिरातदाराला कधीच पडताळता येणार नाही. हा पेच सोडवण्याची पद्धत तेव्हापासून एकच आहे: पैसे घेणं चालू ठेवायचं.

दाव्याचं पुढे काय झालं, हे तर प्रत्येक छोट्या धंदेवाल्याने फ्रेम करून गल्ल्यामागे लावावं. कंपनीच्याच अर्थप्रमुखांनी २००४ च्या अखेरीस गुंतवणूकदारांसमोर बोलताना सांगितलं होतं की या क्लिकच्या लबाडीवर लवकर काहीतरी करायला हवं, आपल्या धंद्यालाच धोका आहे. २००६ साली तडजोड झाली, जास्तीत जास्त ९ कोटी डॉलरची. त्यातले वकिलांचे कमाल ३ कोटी रोख. आणि जाहिरातदारांना? त्यांना मिळालं जाहिरातीचं क्रेडिट. म्हणजे जिथे खोटे क्लिक आले, तिथेच आणखी क्लिक विकत घ्यायची सवलत. यावर हसू नका. वकिलांनीही क्रेडिटच घ्यावं, असं कोणी सुचवल्याचं मात्र आढळत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. गप्पांच्या खिडकीत आधी यंत्र येईल, आणि तुमचा प्रश्न ऐकून तुम्हाला त्याच मदत केंद्राच्या पानाचा दुवा देईल. तीनदा 'माणसाशी बोलायचं आहे' असं लिहिलंत की माणूस येईल. तो अतिशय नम्र असेल. तुमची अडचण त्याला 'पूर्णपणे समजली' असेल. तो तुमच्याकडे सर्व्हरच्या नोंदी, आयपी पत्ते, तारखा, वेळा, प्रत्येक क्लिकचा ओळख क्रमांक मागेल. हे तुमच्याकडे नसेल तर पुरावा नाही, म्हणून तक्रार बंद. असेल तर पुरावा 'तज्ज्ञ पथकाकडे' जाईल, पथकाला काही वावगं आढळणार नाही, म्हणून तक्रार बंद. दोन्ही वाटांवर तक्रार क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. पुढच्या वेळी नवीन माणूस येईल, जुना क्रमांक विचारेल, आणि मग सगळं पहिल्यापासून सांगायला सांगेल. इथे एक गणित मनातल्या मनात करून बघा, मोठ्याने नको: वादातली रक्कम आणि त्या वादात गेलेले तुमच्या कामाचे तास. कंपनीने हे गणित कधीच करून ठेवलं आहे.

बँकेकडे जाऊन कार्डावरचा व्यवहार नाकारता येतो, असं कोणी जाणकार सांगेल. खरं आहे, येतो. बँक पैसे परतही मिळवून देईल कदाचित. मग कंपनी तुमचं खातं थकबाकीदाराचं समजून बंद करेल. तुमचे ग्राहक त्याच खात्यामार्फत येत असतील तर ते शेजारच्याकडे जातील, आणि शेजाऱ्याला तुमच्या या तत्त्वनिष्ठेचं फार कौतुक वाटेल.

यापेक्षा वरची पायरी गाठायची असेल तर खातं चोरीला जाऊ द्या. ते सोपं आहे. 'तुमचं पान चोवीस तासांत काढून टाकलं जाईल' अशी ईमेल येते. घाबरायचं, दुवा दाबायचा, पासवर्ड टाकायचा. ईमेलची वाट बघायचा कंटाळा असेल तर शोधाच्या पानावर जाहिरात खात्याचं नाव टाका आणि सर्वांत वरची नोंद दाबा. जानेवारी २०२५ मध्ये मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की गूगलच्या शोधात, गूगल ॲड्सच्याच नावाने, चोरांच्या जाहिराती झळकत होत्या. जाहिरातदार आपलं खातं उघडायला म्हणून दाबायचे आणि बनावट पानावर किल्ली देऊन मोकळे व्हायचे. चोरलेल्या खात्यांतून पुढे तशाच आणखी जाहिराती. पैसे चोरलेल्या खात्याच्या मालकाचे. इतका स्वयंपूर्ण उद्योग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

चोर आत शिरला की तो स्वतःला प्रशासक करतो आणि तुम्हाला काढून टाकतो. तुमच्या कार्डावर तो कुठल्यातरी चमत्कारी गोळ्या विकतो. दोन दिवसांनी कंपनी जागी होते आणि कडक कारवाई करते: धोरणभंगाबद्दल तुमचं खातं कायमचं बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे दोराचे पैसेही संन्याशाने भरायचे. दाद मागायची सोय आहे. त्यासाठी आधी खात्यात लॉगिन करा.

चोरांशी मोठ्या कंपन्या इतक्या मायेने का वागतात, असा कडवट प्रश्न विचारू नका. त्यांनाही पोट आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने फेसबुकची मालक असलेल्या मेटाची अंतर्गत कागदपत्रं पाहून बातमी दिली. २०२४ च्या उत्पन्नापैकी सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १६ अब्ज डॉलर, फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येतील असा कंपनीचा स्वतःचाच अंदाज होता. हा अंदाज ढोबळ आणि फुगीर आहे, असा कंपनीचा खुलासा. बातमीतला मला आवडलेला भाग वेगळा आहे: जाहिरातदार लबाड असल्याची किमान ९५ टक्के खात्री असेल तरच बंदी, त्याहून कमी असेल तर दंड म्हणून त्याला जाहिरातीचा दर चढा. संशयिताकडून जास्त पैसे घेऊन त्याला सुधारण्याचा हा प्रयोग तुरुंगांनाही सुचला नव्हता. तुम्ही मात्र तुमच्या क्लिकबद्दल शंभर टक्के पुरावा आणा.

आकड्यांच्या बाबतीतही त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. फेसबुकवर व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो, हा आकडा फुगलेला होता, असं २०१६ साली बाहेर आलं. तीन सेकंदांच्या आत पळालेल्यांना सरासरीत धरलंच नव्हतं. काही छोट्या जाहिरातदारांनी दावा लावला आणि २०१९ साली तो ४ कोटी डॉलरवर मिटला. तुम्हीही ही रीत उचला. जे ग्राहक काही न घेता गेले ते मोजू नका. मग दुकानात येणारा प्रत्येक जण खरेदी करतो असं सिद्ध होईल आणि जाहिरातीवरचा खर्च वसूल झाल्यासारखा वाटेल.

एवढं होऊनही पैसे परत हवेतच असतील तर शेवटचा मार्ग उरतो. 'बुडालेले पैसे परत मिळवून देतो' असं सांगणारे तज्ज्ञ हल्ली ठिकठिकाणी असतात. थोडं शुल्क आधी भरायचं, मग प्रक्रिया शुल्क, मग त्या प्रक्रियेवरचा कर. त्यांना शोधायला लांब जावं लागत नाही, शोधाच्या पानावर त्यांची जाहिरात वरच असते. तिच्यावर क्लिक करा, पण एकदाच. पुन्हा पुन्हा कराल तर तो क्लिक अवैध ठरेल, आणि त्यांना पैसे परत मिळतील.